मृत्युपत्रातून संस्थेला दान : सोलापूरकरांसाठी पहिल्या पायरीपासून

हरिभाई देवकरण प्रशाला, हिराचंद नेमचंद वाचनालय, वाडिया हॉस्पिटल. सोलापुरात ही नावं आपण रोज घेतो आणि ती माणसांची नावं आहेत हे आपल्या लक्षातही राहत नाही. दान म्हणजे एवढं मोठं, असं मनात बसल्यामुळे जुळे सोलापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट आणि बँकेत चार ठेवी असलेला माणूस म्हणतो, ‘आपल्याकडे काय आहे देण्यासारखं?’ माझं उत्तर असं, की जिवंतपणी हात आखडता घ्यावा लागतो तो म्हातारपणाच्या भीतीने. आजारपण निघालं तर, मुलांना गरज पडली तर, या भीतीपोटी आपण पाचशेची पावती फाडून थांबतो. मृत्युपत्रातून दिलेलं दान मात्र आपली सगळी गरज भागल्यावरच बाहेर पडतं. तोपर्यंत पैसा आपला, घर आपलं आणि मत बदलण्याचा हक्कही आपला.

मी बँकेत नोकरी केली. निवृत्तीनंतर ओळखीतल्या ज्येष्ठांना असे कागद करायला मदत करतो. ‘आईची फार इच्छा होती हो, त्या आश्रमाला काहीतरी द्यायची,’ हे वाक्य काउंटरवर ऐकलं की मला वाईट वाटायचं, कारण नुसत्या इच्छेवर बँक एक रुपयाही हलवू शकत नाही. आपण नसताना तिसऱ्याच कुणाला तरी आपली इच्छा अमलात आणायची असते. त्याला कुठेही अंदाज करावा लागू नये, इतकं स्पष्ट लिहून ठेवणं हेच या सगळ्यातलं खरं काम. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

मृत्युपत्र केलं नाही तर काय होतं

मृत्युपत्र, म्हणजेच इच्छापत्र, नसेल तर मिळकत कायद्याने ठरवलेल्या वारसांकडे जाते. त्यात संस्थेला जागा नाही. पुरुषांच्या बाबतीत बायको, मुलं, आई हे वारस लोकांना साधारण ठाऊक असतात. मूलबाळ नसलेल्या विधवांनी मात्र हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ याचं कलम १५ कुणाकडून तरी नीट समजून घ्यावं. अशा बाईने मृत्युपत्र केलं नसेल, तर तिची स्वकष्टाची कमाईदेखील नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत तेवढी माहेरी परत जाते. लग्नानंतर लगेच विधवा होऊन माहेरी राहिलेल्या, नोकरी करून पैसा साठवलेल्या एका स्त्रीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये हाच अर्थ लावला. तिची आई बाजूला राहिली आणि पैसा सासरच्या वारसांना मिळाला. एकट्या राहणाऱ्या शिक्षिका, परिचारिका, विडी कारखान्यात आयुष्य काढलेल्या बायका यांनी चार ओळी लिहून ठेवल्या, तर त्यांचा पैसा त्यांच्या मनाप्रमाणे जाईल. मी हे पुन्हापुन्हा सांगतो, कारण हे माहीत नसल्याची किंमत फार मोठी आहे.

पहिली पायरी : आपलं काय आहे, ते एका कागदावर मांडा

ठेवी, बचत खातं, पोस्टातली बचत, विमा, शेअर, सोनं, घर, प्लॉट, शेती, कुणाला उसने दिलेले पैसे आणि कुणाचं देणं. सगळं एका वहीत लिहा. प्रत्येक गोष्टीपुढे हे एकट्याचं की सामाईक, तेही लिहा. स्वकष्टार्जित मिळकतीचं मृत्युपत्र पूर्ण करता येतं. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत फक्त आपल्या हिश्श्यापुरतं करता येतं. साखर पेठेत किंवा मंगळवार पेठेत आजोबांच्या नावाचं घर असेल आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून पाच चुलत्यांची नावं असतील, तर ते घर संस्थेला देण्याच्या भरीस पडू नका. संस्थेला घर मिळणार नाही, कोर्टाची तारीख मिळेल.

घर संस्थेला द्यावं का? इथे थोडं थांबून विचार करा. सार्वजनिक विश्वस्त संस्थेकडे गेलेली स्थावर मिळकत तिला मनात आलं तेव्हा विकता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागते. हा नियम संस्थेच्या मालमत्तेच्या रक्षणासाठी आहे आणि तो योग्यच आहे. पण तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला फ्लॅट वसतिगृहासाठी वापरता येत नसेल, तर संस्थेच्या गळ्यात मेंटेनन्स आणि घरपट्टी तेवढी पडते. म्हणून घर संस्थेच्या थेट उपयोगाचं असेल तरच घर द्या. एरवी ‘माझ्या व्यवस्थापकाने (म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या माणसाने) घर विकून आलेल्या रकमेतून द्यावं’ असं लिहा आणि विकण्याचा अधिकार त्याला स्पष्ट शब्दांत द्या. विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो. त्याने आधी सीएला विचारावं.

शेतजमिनीचं प्रकरण याहून नाजूक. बार्शीकडची जिरायत असो की माळशिरसची बागायत, कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन जाण्यात अडथळा येतो आणि संस्था शेतकरी नसते. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा मार्ग आहे, पण तो लांबचा. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं असेल तर हस्तांतरावर आणखी अटी असतात. जमीन शेतकऱ्याला विकावी आणि पैसा संस्थेला द्यावा, असं लिहिणं हा त्यातला सरळ मार्ग. सरकारी योजनेतून मिळालेल्या घराच्या वाटपपत्रावरच्या अटीही आधी वाचून घ्या.

आता ठेवी. नॉमिनी म्हणजे मालक हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे, की घराघरांत त्यावरून अबोला धरला जातो. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी पैसे ताब्यात घेतो तो खऱ्या हक्कदारांच्या वतीने. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं : नामनिर्देशनाने वारसाहक्क किंवा मृत्युपत्र मागे पडत नाही. विम्यात मात्र २०१५ नंतर फरक आहे. तिथे आईवडील, पती किंवा पत्नी, मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच होते. त्यामुळे पॉलिसीवर मुलाचं नाव आणि मृत्युपत्रात त्याच पॉलिसीची रक्कम संस्थेला, असा गोंधळ करू नका.

बँक ठेवीला संस्था नॉमिनी लावता येत नाही, तिथे व्यक्तीच लागते. मी एक साधा उपाय सुचवतो. ज्या ठेवींमधून दान जायचं आहे, त्यांना मृत्युपत्राच्या व्यवस्थापकालाच नॉमिनी करा. मृत्यूचा दाखला दाखवून तो पैसे काढू शकतो आणि मृत्युपत्राप्रमाणे वाटू शकतो. एका ठेवीला चार नॉमिनी लावण्याची सोय नोव्हेंबर २०२५ पासून आली आहे, पण या कामासाठी एकच विश्वासू माणूस पुरतो.

दुसरी पायरी : संस्था निवडा आणि तपासा

कशासाठी द्यायचं, हे मी कोण सांगणार? यंत्रमागावर राबणाऱ्याच्या मुलीची फी असेल, अक्कलकोटचं अन्नछत्र असेल, पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पाणी आणि औषध देणारी मंडळी असतील, गावातलं वाचनालय असेल. पण मन ठरलं, की संस्थेचं नाव कागदावर पाहिल्याशिवाय लिहू नका. आपण ‘अमुक शाळा’ म्हणतो, पण शाळा चालवणारी संस्था वेगळ्याच नावाने नोंदलेली असते. तिची आणखी चार युनिटंही असतात. दान कायद्याने घेते ती नोंदणीकृत संस्था. तिचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत पत्ता तिन्ही मिळवा. नोंदणी क्रमांकात सहसा ‘ई’ किंवा ‘एफ’ असं अक्षर आणि जिल्ह्याचं नाव असतं. सोलापूरच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढता येतो. बोलीत सगळे त्याला शेड्यूल एक म्हणतात. विश्वस्त कोण, मिळकत काय, हे त्यात दिसतं.

उताऱ्यावरचे अर्धे विश्वस्त दिवंगत असतील आणि बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचे अर्ज, वर्षानुवर्षं प्रलंबित असतील, तर संस्थेत वाद आहे असं समजा. अशी संस्था वाईटच असते असं नाही. पण तुमचे पैसे तिच्या खात्यात पडले तरी सही कुणाची, यावर अडकून बसतील. गेल्या दोन-तीन वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगली संस्था तो आनंदाने दाखवते. ज्यांना असं विचारलेलं आवडत नाही, त्यांना मी तरी देणार नाही. संस्थेकडे आयकर खात्याची १२ए (संस्थेला करसवलत देणारी) आणि ८०जी (दात्याला वजावट देणारी) नोंदणी आहे का, हेही पाहा. मात्र ८०जीची वजावट ही जिवंतपणी, तीही जुन्या करप्रणालीत दान देणाऱ्याची सोय आहे. मृत्युपत्रातल्या दानाची तुम्हाला वजावट मिळत नाही. तसंच आपल्या देशात मृत्यूनंतर मिळकतीवर कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेली. तेव्हा ‘कर वाचेल म्हणून लिहा’ असं कुणी सांगत असेल, तर त्याचा सल्ला घेऊ नका.

मग एकदा संस्थेत जाऊन बोला. रकमेचा आकडा सांगायची गरज नाही. ‘असं काही दिलं तर तुम्हाला चालेल का, कशाला वापराल?’ एवढंच विचारा. दृष्टिहीन मुलांच्या शाळेला ग्रंथसंग्रह देऊ पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. भावना खरी असते, पण त्या शाळेला ब्रेल पुस्तकं आणि ऐकता येणारी पुस्तकं लागतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

स्वतःच्या किंवा आईच्या नावाने नवा ट्रस्ट मृत्युपत्रातून उभा करावा, असंही अनेकांच्या मनात असतं. सर रतन टाटांच्या मृत्युपत्रातून १९१९ मध्ये ट्रस्ट उभा राहिला आणि तो आजही काम करतो, हे खरं. पण मागे मोठी संपत्ती आणि ती सांभाळणारी माणसं होती. मृत्युपत्राने सार्वजनिक ट्रस्ट निर्माण झाला, तर व्यवस्थापकाला प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) मिळाल्यापासून एक महिन्यात किंवा मृत्यूपासून सहा महिन्यांत, जे आधी असेल त्या मुदतीत, नोंदणीचा अर्ज करावा लागतो. पुढे विश्वस्त शोधा, दरवर्षी हिशेब तपासून घ्या, बदल अर्ज भरा. पाच-दहा लाखांसाठी हा संसार मांडू नये. जुन्या, चालत्या संस्थेत आईच्या नावाने कायम निधी ठेवायला सांगा. तिचं नाव राहील आणि कामही होईल.

त्या निधीचं गणितही आधी मांडा. पाच लाखांच्या ठेवीवर सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला पस्तीस हजार रुपये होतात. यात आज एका मुलीची फी आणि वह्यापुस्तकं निघतील, वीस वर्षांनी निघणार नाहीत. शाळांमधली जुनी बक्षिसं बघा. एके काळी घसघशीत वाटणारी रक्कम आज पाकिटात घालायलाही संकोच वाटतो. म्हणून ‘मुद्दलाला कधीही हात लावू नये’ अशी अट घालण्याआधी विचार करा. ‘शक्यतो’ हा एक शब्द घातला, की पुढच्या विश्वस्तांना शहाणपणाने वागायला जागा राहते.

तिसरी पायरी : ठरावीक रक्कम, हिस्सा की उरलेलं?

देण्याच्या तीन पद्धती आहेत आणि नवख्या माणसाची फसगत नेमकी इथेच होते.

ठरावीक रक्कम लिहिणं सगळ्यांना सोपं वाटतं. समजा एखाद्या काकूंकडे दहा लाखांच्या ठेवी आहेत. त्यांनी लिहिलं, ‘तीन लाख संस्थेला, बाकी मुलीला.’ पुढे दवाखान्यात सात लाख गेले. आता संस्थेला तीन लाख मिळणार आणि जिने रात्रंदिवस सेवा केली त्या मुलीला काहीच नाही. काकूंच्या मनात हे कधीच नव्हतं. त्याऐवजी ‘तीस टक्के संस्थेला, सत्तर टक्के मुलीला’ असं लिहिलं असतं, तर वाटे सारख्या प्रमाणात आटले असते. पैसा वाढला असता तर दोघींचाही वाढला असता. म्हणून मी हिश्श्याची पद्धत सुचवतो.

या तिन्हींबाहेरची, विशिष्ट वस्तू देण्याची रीत सर्वांत जोखमीची. ‘अमुक बँकेतली अमुक नंबरची एफडी अमुक संस्थेला’ असं लिहिलं आणि मधेच ती मोडली, तर देणगीच संपते. त्याऐवजी दुसरं काही द्यायचं कुणावर बंधन राहत नाही. मुदत संपून नव्या नंबरने पुन्हा ठेवली, तर ही तीच का, असा वाद उभा राहतो. ठेवींचे नंबर मृत्युपत्रात घालू नका, ते वहीत ठेवा.

तिसरी पद्धत म्हणजे सगळ्यांना ठरलेलं देऊन जे शिल्लक राहील ते संस्थेला. ज्यांना जवळचं कुणी नाही, त्यांच्यासाठी ही उत्तम. लिहायचं विसरलेलं खातं, नंतर मिळालेला फरक, तुमच्या आधी वारलेल्या भावाला लिहिलेली रक्कम, हे सगळं त्या शिल्लकीत येऊन पडतं आणि वाया जात नाही.

तिन्ही पद्धतींत आधी तुमचं देणं फिटतं, मग वाटप होतं. आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या माणसाला उघड्यावर टाकून दान करू नका. पत्नी, अल्पवयीन मुलं, म्हातारे आईवडील यांचा पोटगीचा हक्क कायद्याने तुमच्या मिळकतीवर राहतो. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

मुस्लिम व्यक्तीच्या वसियतीला वेगळी मर्यादा आहे : अंत्यविधी आणि देणं भागवून जे उरेल त्याच्या एक तृतीयांशापर्यंतच वारसांच्या संमतीशिवाय देता येतं. ख्रिस्ती कुटुंबांना कुणी ‘धर्मादाय मृत्युपत्र मरणाआधी बारा महिने केलेलं असावं लागतं’ असं सांगत असेल, तर ती अट घालणारं भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच रद्द केलं आहे.

चौथी पायरी : लिहायचं कसं

‘माझे पैसे धर्मकार्याला लावावेत.’ आपल्या आजीपणजीच्या काळापासून चालत आलेलं हे वाक्य. १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, ‘धरम’साठी ठेवलेलं असंच एक दान, हेतू अनिश्चित आहे म्हणून रद्द ठरवलं होतं. पुढे आपल्याकडच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने कलम १० मध्ये ही उणीव भरून काढली. धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान एवढंच लिहिलेलं दान केवळ तेवढ्यावरून रद्द होणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे दान वाचेल. पण ते कुणाला जाईल, हे तुमच्याऐवजी दुसरं कुणीतरी ठरवेल. तेव्हा नाव लिहा.

मी साधारण असा मजकूर सुचवतो. वकिलांना दाखवून तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदलून घ्या :

‘माझं सर्व देणं, औषधोपचाराचा आणि अंत्यविधीचा खर्च भागवून माझी जी रक्कम उरेल, तिच्यापैकी वीस टक्के रक्कम अमुक संस्था, नोंदणी क्रमांक अमुक, नोंदणीकृत पत्ता अमुक, हिला द्यावी. संस्थेने ती शक्यतो सोलापूर शहर व जिल्ह्यातील मुलींच्या शिक्षणासाठी वापरावी. माझ्या मृत्यूच्या वेळी ही संस्था अस्तित्वात नसेल, दुसऱ्या संस्थेत विलीन झाली असेल किंवा रक्कम घेण्यास नकार देईल, तर माझ्या व्यवस्थापकाने याच स्वरूपाचं काम करणारी दुसरी नोंदणीकृत संस्था निवडून तिला ती द्यावी. संस्थेच्या अधिकृत पदाधिकाऱ्याची पावती मिळाली, की याबाबतची व्यवस्थापकाची जबाबदारी पूर्ण झाली असे समजावे.’

यातलं शेवटून दुसरं वाक्य कधीही गाळू नका. आज सत्तरीत लिहिलेला कागद वीस-पंचवीस वर्षांनी उघडला जातो आणि तेवढ्या काळात संस्था बंद पडतात, नावं बदलतात. शेवटचं वाक्य व्यवस्थापकासाठी आहे. पैसे दिल्यावर संस्थेने ते कसे वापरले, याचा जाब त्याला कुणी विचारू नये.

मुलांना कमी देत असाल किंवा एखाद्याला वगळत असाल, तर कारण एका शांत वाक्यात लिहा. ‘मुलगा पुण्यात स्थिरस्थावर आहे, त्याला घरासाठी मी आधीच मदत केली आहे,’ एवढं पुरे. त्यात राग नको. मृत्युपत्रात काढलेली उणीदुणी भावंडांना कायमची तोडतात आणि कोर्टात संशयाला जागाही देतात.

भाषा कुठलीही चालते. आपल्या शहरात घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि कचेरीत मराठी बोलणारी माणसं आहेत. ज्या भाषेत तुमचा विचार पक्का होतो, तीत लिहा. निबंधकाला ती समजत नसेल आणि ती जिल्ह्यात सर्रास वापरली जात नसेल, तर नोंदणीच्या वेळी भाषांतर जोडावं लागतं. वकिलांनी मराठीत लिहिलं आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर ‘मजकूर मला माझ्या भाषेत वाचून समजावून सांगितला’ असं त्यात आलंच पाहिजे. अंगठाही चालतो.

पाचवी पायरी : व्यवस्थापक

मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला आपल्याकडे व्यवस्थापक किंवा एक्झिक्युटर म्हणतात. तुमच्यापेक्षा वयाने लहान, शक्यतो सोलापुरातच राहणारा, हिशेबाला चोख आणि भिडेला न पडणारा माणूस निवडा. पुतण्या, भाची, जुना विद्यार्थी, कुणीही. त्याला आधी विचारा. तो नसेल तर दुसरा कोण, हेही लिहा. ज्या संस्थेला देताय तिच्या विश्वस्ताला व्यवस्थापक करणं मला पटत नाही. त्याच्याकडून मृत्युपत्र लिहूनही घेऊ नका. लाभ मिळवणाऱ्यानेच पुढाकार घेऊन केलेल्या मृत्युपत्राकडे न्यायालयं संशयाने पाहतात आणि भल्या माणसालाही त्याचा त्रास होतो.

सहावी पायरी : सही, साक्षीदार, नोंदणी

साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ याच्या कलम ६३ प्रमाणे तुमची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येक साक्षीदाराने तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझीच असं तुम्ही त्याला सांगितलेलं असावं. त्याने स्वतःची सही तुमच्या समोर करायची. पानापानावर सही करा. खाडाखोड झालीच तर तिथे तुम्ही आणि साक्षीदारांनीही सही करायला हवी, नाहीतर ती दुरुस्ती धरत नाहीत.

साक्षीदार तरुण निवडा. पुढे वाद झाला, तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात येऊन सांगावं लागतं. तुमच्याच वयाचे दोन मित्र साक्षीला घेतले, तर त्या वेळी दोघेही हयात नसण्याची शक्यता मोठी. साक्षीदारालाच काही लिहून दिलं असेल, तर ते कलम ६७ मुळे रद्द होऊ शकतं. हे कलम हिंदूंना लागू नाही, पण सर्वांनीच ते पाळलेलं बरं. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा : व्यक्ती शुद्धीवर आहे, तिला व्यवहार समजतो. डॉक्टरच साक्षीदार झाले तर आणखी चांगलं.

नोंदणी सक्तीची नाही, पण मी ती कराच म्हणेन, विशेषतः संस्थेला देत असताना. दुय्यम निबंधक कार्यालयात आधार, पॅन आणि साक्षीदारांसह जायचं. फोटो आणि अंगठे तिथेच घेतात. मृत्युपत्राची नोंदणी फी १०० रुपये आहे, वर पानांप्रमाणे हाताळणी शुल्क. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अधिकारी जादा शुल्क घेऊन घरी येऊ शकतात. मृत्युपत्र बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही कायद्यात सोय आहे, फारच थोड्यांना ती माहीत असते. सोलापुरात केलेल्या, इथल्याच मिळकतीबद्दलच्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही. तरी वाद असेल तर बँक किंवा सोसायटी कोर्टाचा आदेश मागू शकते.

मूळ प्रत एकट्याच्याच नावावर असलेल्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला कागद लागतो आणि कागद लॉकरमध्येच, अशी कोंडी होते. व्यवस्थापकाला जागा माहीत असावी.

सातवी पायरी : मुलांना सांगा

वकील ही पायरी सांगत नाहीत आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची. वाद बहुतेक वेळा पैशापेक्षा धक्क्यातून होतात. तेराव्यानंतर कागद उघडला आणि त्यात अनोळखी संस्थेचं नाव निघालं, की मुलांना वाटतं, कुणीतरी आईला भरीला घातलं. दिवाळीला सगळे जमतात तेव्हा, जेवणं झाल्यावर, स्वच्छ सांगा : ‘मी एवढा वाटा त्या शाळेला ठेवला आहे, कारण मी तिथे शिकले.’ जमलं तर त्यांना एकदा त्या संस्थेत घेऊन जा. वसतिगृहातल्या मुलींशी दोन शब्द बोलून आलेला मुलगा पुढे त्या मृत्युपत्राला आव्हान देईल, असं मला वाटत नाही.

याच बैठकीत देहदान-नेत्रदानाचंही बोलून घ्या, कारण ते मृत्युपत्रात लिहून उपयोग नसतो. मृत्युपत्र वाचलं जातं कित्येक दिवसांनी आणि डोळे काही तासांतच काढावे लागतात. त्यासाठी वेगळा फॉर्म भरा, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा आणि फोन कुणी करायचा, हे घरात ठरवा.

बदल करायचा असेल तर

मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येतं. छोट्या बदलासाठी पुरवणी मृत्युपत्र, मोठ्यासाठी संपूर्ण नवं आणि त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य. सह्या-साक्षीचे नियम पुरवणीलाही तेच. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, त्या सुमारास दरवर्षी एकदा कागद काढून वाचायची सवय लावा. घर विकलं, व्यवस्थापक परगावी गेला, संस्थेत भांडणं लागली, नातवंड झालं, यातलं काहीही घडलं असेल तर वकिलांना फोन करा.

व्यवस्थापकासाठी

हा भाग त्याला वाचायला द्या. मृत्यूचे दाखले महापालिकेतून पाच-सहा प्रतींत घ्या. मूळ मृत्युपत्र कुणालाही देऊन टाकू नका, साक्षांकित प्रत द्या. संस्थेला लेखी कळवा : कोण वारलं, मृत्युपत्रात काय लिहिलं आहे, साधारण किती वेळ लागेल. दवाखान्याचं बिल, कर्ज, त्या वर्षाचं आयकर विवरणपत्र हे आधी निपटा, वाटप नंतर. रक्कम चेकने किंवा आरटीजीएसनेच द्या. पावतीवर देणाऱ्याच्या जागी दिवंगत व्यक्तीचं नाव आणि ‘मृत्युपत्राद्वारे’ असं लिहून घ्या. कायम निधीसाठी दिली असेल तर तेही पत्रात आणि पावतीवर हवं, नाहीतर संस्थेच्या हिशेबात ती चालू खर्चाची देणगी म्हणून जमा होते. सगळ्या पावत्यांची एक प्रत मुलांना द्या.